खोबरं घालायचं की नाही

सूर्यकांत शेडगेला स्वयंपाकघरातलं काडीचंही कळत नाही, हे शारजाच्या रोल्लातल्या त्या जुन्या इमारतीत सगळ्यांना ठाऊक होतं. बायको माहेरी गेलेली असताना या गृहस्थाने एकदा कुकर चढवला, त्यावर शिट्टी ठेवायलाच विसरला आणि शिट्ट्या मोजायच्या म्हणून पेपर घेऊन ओट्याशी बसून राहिला. कुकर फुसफुसतोय, हा वाट बघतोय. चौथ्या मजल्यावरच्या अजीज परकारने ही गोष्ट इमारतभर केली आणि दर वेळी सांगताना त्यात पेपरचं एक पान वाढवलं. शेवटी शेवटी तर सूर्यकांतने शब्दकोडंही सोडवून टाकलं होतं म्हणे.

असा माणूस आयुष्यात एकदाच मसाल्याविषयी बोलला. एकच वाक्य. पण ते वाक्य तोंडातून निघालं नसतं तर फार बरं झालं असतं, असं त्याला पुढे कितीतरी शुक्रवार वाटत राहिलं.

बाकी विषयांत मात्र त्याला बोलायला कमी पडत नसे. धंद्याने तो एस्टिमेटर. टॉवरांना बाहेरून काचेच्या भिंती लावणाऱ्या कंपनीत त्याचं काम एवढंच, की नकाशा बघायचा आणि काच किती, अ‍ॅल्युमिनियम किती, दिवस किती हे सांगायचं. काच आणि अ‍ॅल्युमिनियम तो बरोबर सांगे. दिवसांच्या बाबतीत जरा सढळ आशावादी. रस्त्याने जाताना कुठल्याही अर्धवट इमारतीकडे बोट दाखवून म्हणायचा, "ही? पुढच्या ईदपर्यंत उभी." मागच्या सीटवरून मुलगी ईशानी म्हणायची, "बाबा, यू सेड दॅट लास्ट ईद." शोभना खिडकीबाहेर बघून हसायची.

दोन हजार आठच्या शेवटी अमेरिकेत बँका बुडाल्या तेव्हा अजीजच्या हॉलमध्ये चहा पिताना सूर्यकांतने ठामपणे सांगितलं होतं, की तिकडे बँक बुडाली म्हणून इकडची क्रेन काय थांबायची! नवं वर्ष उजाडलं आणि क्रेन थांबल्या. शेख झायद रोडच्या दोन्ही बाजूंना हात वर करून उभ्या, जणू कुणीतरी पकडलंय त्यांना. मग रोज एक बातमी. तिसऱ्या मजल्यावरचं केरळी कुटुंब गेलं. समोरच्या इमारतीतला पंजाबी गेला, तो कुणाला न सांगता. विमानतळावर गाडी सोडून पळून गेलेल्यांच्या गोष्टींना तर ऊतच आला होता. प्रत्येकाच्या ओळखीतल्या कुणाच्या तरी ओळखीतला एकजण किल्ली गाडीतच ठेवून गेला होता, आणि तो नेमका कोण ते विचारलं की सगळे दुसरीकडे बघत.

फेब्रुवारीत सूर्यकांतला केबिनमध्ये बोलावलं गेलं. त्याचा मॅनेजर लेबनीज, गोड बोलणारा. दुबईचं ऑफिस बंद होतंय, म्हणाला. तू आमचा जुना माणूस, तुला काढत नाही. उम्म अल कुवैनच्या वर्कशॉपवर जा. पगार निम्मा, राहायला कंपनीची खोली, इतरांबरोबर. फॅमिली मात्र ठेवता येणार नाही. सूर्यकांतने विचारलं, "किती दिवस, सर?" मॅनेजर हसला, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "हबीबी, सहा महिन्यांनी बघू. इन्शाल्ला."

आता आखातात वर्षं काढलेल्या माणसाला 'इन्शाल्ला'चे प्रकार सांगावे लागत नाहीत. एक इन्शाल्ला असतो तो मनापासूनचा, त्यात काम होतं. दुसरा असतो तो सवयीचा, त्यात काम होतं किंवा होत नाही. आणि तिसरा असतो तो खांद्यावर हात ठेवून म्हटलेला, हसत हसत. त्याचा अर्थ खलास. सूर्यकांतला तिसरा प्रकार चांगला ओळखता येत होता. पण घरी येऊन त्याने शोभनाला जे सांगितलं त्यात सहा महिने होते, इन्शाल्ला नव्हता.

"सहाच महिने गं. मार्केट उठलं की दुबईचं ऑफिस पुन्हा उघडणार. फार तर फार दिवाळी. दिवाळीचा कंदील इथेच लावू आपण, याच बाल्कनीत."

ईशानी मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाली, "बाबा, बी रिअलिस्टिक." धाकटा अथर्व म्हणाला, "डू दे हॅव स्केटिंग इन पुणे?" शोभनाने त्याच्याकडे नीट बघितलं, आणि मग म्हणाली, "बरं. मग मार्चचा मसाला करूनच जाते. तुमच्यापुरता."

इथे शोभनाविषयी थोडं सांगायला हवं. शोभना कराडची. सासर पुण्यात, संसार शारजात, पण मसाला कराडचा. दर मार्चमध्ये, ऊन चांगलं तापलेलं पण अजून अंगावर धावून येत नाही अशा दिवसांत, ती आणि अजीजची बायको शहरबानू गच्चीवर मिरच्या वाळवत. गच्चीवर काही वाळत घालायला परवानगी नव्हती. त्यामुळे इमारतीच्या वॉचमनला, ज्याला तिकडे सगळे नातूर म्हणतात त्या कमरुद्दीनला, आधी डबाभर बिर्याणी पोहोचे आणि मग किल्ली मिळे. दोघींचे मसाले वेगळे, ताटं वेगळी, ऊन मात्र एक. भांडणही एकच, वर्षानुवर्षं तेच, मसाल्यात काय घालायचं आणि काय नाही याचं. त्या भांडणाची दोघींना इतकी गोडी होती, की शहरबानू एका वर्षी आजारी होती तेव्हा शोभनाने तिच्या घरी जाऊन, पलंगाशेजारी बसून, तिच्याशी भांडून घेतलं होतं.

तर मार्चमधला तो शुक्रवार. सकाळची वेळ. गच्चीभर डिश अँटेना, त्यांच्यामधून जुन्या चादरी पसरलेल्या, त्यांवर ब्याडगी आणि लवंगी मिरच्या. एका कोपऱ्यात उभा चिरलेला कांदा वाळून बदामी झालेला. कबुतरं हाकलायला एक काठी घेऊन सूर्यकांत उलट्या बादलीवर बसला होता. अजीज नमाजाला जायच्या आधी दम खात भिंतीला टेकला होता.

"बावीस दिरहम किलो!" अजीज एक ब्याडगी शेपटीला धरून म्हणाला. "म्हणजे तीनशे रुपये. तीनशे रुपयांत चिपळुणात मिरचीबरोबर मिरचीवालाही घरी येईल."

"आणि त्याला जेवायला कोण घालणार? मीच ना?" शहरबानू म्हणाली. तिने हरभऱ्याच्या डाळीचं ताट पुढे ओढलं. ते बघायचाच अवकाश.

"आली का डाळ!" शोभना म्हणाली. "बानूभाभी, अहो मसाला करताय की थालीपिठाची भाजणी?"

"तुझं काय गो? कांदा, लसूण, आलं, कोथिंबीर. सगळा बाजार आणून ओतलास. मसाला नव्हे, ती भाजी झाली. वाळवून डब्यात भरलेली भाजी."

"त्या भाजीचा रस्सा मागच्या आठवड्यात दोनदा वाढून घेतला कोणी?"

"अजीजने."

"मी?" अजीज दचकून म्हणाला. "मला मध्ये घेऊ नका. मी दोन्हीकडे जेवतो."

मग खसखशीचा विषय निघाला. तो निघायचाच. खसखस त्या देशात बंद. अफूच्या बोंडातली म्हणून. बॅगेत पुडी सापडली तर माणूस थेट आत. दर वर्षी शोभना हळहळायची, की खसखशीविना मसाला म्हणजे नथीविना नवरी. आणि दर वर्षी शहरबानू म्हणायची, की नथीपायी नवरा तुरुंगात घालशील हो. त्यावर सगळे हसायचे, दर वर्षी, अगदी त्याच जागी. त्या शुक्रवारीही हसले. सूर्यकांतही हसला. ऊन पाठीवर बरं वाटत होतं. पुढच्या वर्षी हे नसेल, हा विचार त्याच्या मनात आला आणि त्याने तो कबुतरासारखा काठीने हाकलला.

शोभनाने सुक्या खोबऱ्याच्या वाट्यांची पिशवी उघडली. किसणी मांडली. पहिली वाटी हातात घेतली.

आणि सूर्यकांत बोलला.

"शोभना, या वेळी खोबरं नको घालूस."

सगळ्यांनी वळून पाहिलं. कबुतरांनीसुद्धा पाहिलं असेल. शिट्टीविना कुकर चढवणारा माणूस मसाल्यात काय घालायचं ते सांगतोय!

"अरे वा!" अजीज म्हणाला. "शेडगेभाऊ, आता तुम्ही पण?"

"तसं नाही," सूर्यकांत म्हणाला. त्याच्या डोक्यात खरं तर फक्त ती खोली होती. आठवड्यापूर्वी तो ती बघून आला होता. सहा पलंग, एक फ्रीज, त्यातला एक खण त्याचा. एस्टिमेटर माणूस, खण बघितला की त्यात काय किती दिवस राहील हे आपोआप मनात मांडलं जातं. "खोबरं खवट होतं ना. तिथे आपल्यासारखा डीप फ्रीज नाही. उन्हाळा येतोय."

"सहा महिने काही होत नाही त्याला," शोभना किसणीवर वाटी टेकवत म्हणाली. "डब्यात हिंगाचे खडे घालून देते. दिवाळीपर्यंत आरामात जातं."

"दिवाळीपर्यंत ठीक आहे गं. पण वर्षभर टिकायला हवा ना."

बोलून गेला. आणि मग आपण काय बोलून गेलो ते त्याला कळलं.

शोभनाचा हात किसणीवर थांबला. तिने वर पाहिलं नाही. "वर्षभर?" एवढंच म्हणाली.

"म्हणजे... उरला तर. असावा म्हणून."

खोट्या बाजूने जाणारी जीभ आणि खऱ्या बाजूने जाणारा चेहरा एकाच माणसाजवळ असले की त्याने काठी घेऊन कबुतरं हाकलावीत हेच बरं. सूर्यकांत उठला आणि जिथे एकही कबुतर नव्हतं तिथे जाऊन हुश हुश करू लागला.

इथवर निभलं असतं. पण शहरबानूला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ती बिचारी मसाल्यावरच बोलत होती. "बरोबर बोलतायत सूर्यकांतभाई. माणूस एकटा राहणार असेल तर खोबरं नाय घालायचं. कांदा पण नाय. आमच्याकडे दोन मसाले असायचे. एक घरचा, एक परदेशाचा. अब्बा बहरीनला होते, मग इथे. अम्मी त्यांच्यासाठी वेगळा करायची. नुसती मिरची, धणे, हळकुंड, गरम मसाला, सगळं कोरडं भाजायचं. तेलाचा थेंब नाय. दोन वर्षं हलायचा नाय गो तो. अब्बा दोन वर्षांनी यायचे तेव्हा डब्याच्या तळाला थोडा उरलेला असायचा, त्याला वास तसाच. तू तो कर. मी सांगते तुला प्रमाण."

"मला नकोय तो," शोभना म्हणाली.

"अगो, चांगला असतो..."

"माझा नवरा दोन वर्षं एकटा राहणार आहे असं तुम्हाला कोणी सांगितलं?" शोभनाचा आवाज चढला. "तुमच्यात चालत असेल, नवऱ्याला डबा भरून द्यायचा आणि दोन-दोन वर्षं दाराकडे बघत बसायचं. आमच्यात नाही चालत."

खाली रोल्लाच्या चौकातले हॉर्न तेवढे ऐकू येत होते. अजीजने टोपी खिशातून काढली, पुन्हा ठेवली.

शहरबानूने डाळीचं ताट उचललं. "चालतं असं कोणी सांगितलं तुला?" ती हळूच म्हणाली. "अम्मीला तरी कुठे चालत होतं?" आणि ती जिना उतरून गेली. मिरच्या तिच्या तशाच राहिल्या उन्हात. संध्याकाळी त्या अजीजने येऊन गोळा केल्या, एकट्याने.

शोभनाने मात्र किसायला सुरुवात केली. पिशवीतल्या सगळ्या वाट्या किसल्या. चटणीसाठी बाजूला ठेवलेल्या होत्या त्याही किसल्या. दर वर्षी घालायची त्याच्या दुप्पट खोबरं झालं असेल. सूर्यकांत बघत होता. त्याला वाटत होतं, आता ती विचारेल. मॅनेजर नक्की काय म्हणाला ते विचारेल, आणि मग आपण सांगून टाकू. तिने विचारलं नाही. बोटाला किसणी लागली तेव्हाही नुसतं बोट तोंडात घातलं आणि दुसऱ्या हाताने किसत राहिली.

चक्कीवाला गुजराती. आठवड्यातून एकच दिवस मसाला दळायचा, पिठाला वास लागू नये म्हणून. त्याने भाजलेल्या मसाल्यात हात घातला आणि म्हणाला, "भाभी, खोपरा बहुत हो गया. चक्की चिपकेगी."

"चिपकने दो," शोभना म्हणाली.

दळताना आख्खी गल्ली शिंकत होती. सूर्यकांतच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं आणि त्याला त्या दिवशी ते सोयीचं झालं.

घरी आल्यावर शोभनाने बरणी भरली, दाबून दाबून, वर हिंगाचे खडे ठेवले, झाकण लावलं आणि त्याच्यासमोर ठेवली. "दिवाळीपर्यंत पुरेल एवढाच केलाय," ती म्हणाली.

"हो," तो म्हणाला.

शाळा संपताच तिघं पुण्याला गेली.

उम्म अल कुवैन म्हणजे शारजापुढे अजमान, अजमानपुढे थोडी वाळू, आणि मग ते. समुद्र आहे, खाडी आहे, पण वर्कशॉप ज्या बाजूला आहे तिथे ना समुद्र दिसतो ना खाडी. काल आलेली वाळू आज थोडी सरकलेली, एवढाच दिवसादिवसांतला फरक. दुबईतल्या टॉवरांसाठी कापलेल्या काचा तिथे लाकडी चौकटींत उभ्या करून ठेवल्या होत्या. त्यांचे टॉवर आता होणार नव्हते. सूर्यकांतचं काम त्या काचा मोजायचं आणि कोणी विकत घेतंय का ते बघायचं. ज्या काचांचा अंदाज त्याने स्वतः केला होता त्याच त्या.

खोलीत सहाजण. त्यांतला तुकाराम जामखेडचा, अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमा जोडणारा, आणि स्वयंपाक त्याच्याकडे. पहिल्या रात्री शोभनाच्या मसाल्याचा रस्सा केला तेव्हा बाकीचे पाचजण ताटं चाटून उठले. तुकाराम म्हणाला, "शेडगेसाहेब, वहिनींच्या हाताला सलाम. पण खोबरं लई दिसतंय. जपून वापरू."

"वापर की," सूर्यकांत म्हणाला. "सहा महिन्यांचा तर प्रश्न आहे."

शुक्रवारी फोन. शोभना आधी मुलांचं सांगायची. ईशानीला मराठी लिहायला जड जातंय. अथर्वला शाळेत दुबईवाला म्हणून चिडवतात. मग पाण्याचं, सासूबाईंच्या गुडघ्याचं. आणि शेवटी, दर शुक्रवारी न चुकता, "मसाला कसा आहे?"

"एकदम फर्स्टक्लास."

यातलं काय विचारलं जातंय आणि काय सांगितलं जातंय हे दोघांनाही पक्कं ठाऊक होतं. पण फोन महाग, आणि असल्या गोष्टी बोलायला फार वेळ लागतो.

जूनमध्ये बरणीचं झाकण उघडलं की आधी खोबऱ्याचा वास येऊ लागला, मग मिरचीचा. जुलैत मिरचीचा येईनासाच झाला. सहाजणांच्या त्या फ्रीजची दिवसभर उघडमीट व्हायची. त्यातलं पाणीसुद्धा कोमटच. तुकारामने एकदा बरणी नाकाशी नेली आणि तोंड फिरवलं.

"साहेब, खवट झालाय हा."

"कांद्याचा वास आहे तो."

"कांद्याचा वास मला कळत नाही व्हय? टाकून देऊ. मी रोल्लावरून पाकिटातला आणतो."

"टाकायचा नाही."

"मग बाकीच्यांच्या कालवणात नाही घालत. तुमच्या वाटीत वरून घालून देतो."

आणि तसंच सुरू झालं. पाचजणांचं कालवण वेगळं, सूर्यकांतची वाटी वेगळी. खवट खोबऱ्याची चव घशाला धरून राहते. पाणी प्या, लिंबू पिळा, जात नाही. ऑगस्टमध्ये त्याचं पोट बिघडलं. तुकारामने ताक करून दिलं. सूर्यकांत बरा झाला आणि पुन्हा तीच वाटी. त्याला वाटत होतं, ही बरणी टाकली की शुक्रवारी 'फर्स्टक्लास' म्हणता येणार नाही. खोटं बोलायलासुद्धा माणसाला थोडा आधार लागतो.

मॅनेजरला त्याने मध्यंतरी फोन केला होता. नंबर बंद. तो लेबनीज स्वतःच जूनमध्ये देश सोडून गेला होता, असं मागाहून कळलं. सहा महिन्यांनी बघणारा माणूसच उरला नव्हता.

गणपतीत अथर्व फोनवर आला. "बाबा, आमच्या सोसायटीचा गणपती लय भारी आहे," म्हणाला. सूर्यकांत क्षणभर गोंधळला, कुणाचा मुलगा फोनवर आलाय म्हणून. नातूरशी हिंदीत आणि आईबापाशी इंग्रजीत बोलणारा पोरगा पाच महिन्यांत 'लय भारी' म्हणायला लागला होता. ऐकून आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण त्याला असंही वाटलं, की पोरगा तिथे रुजला. आता त्याला उपटून पुन्हा इकडे आणायचं म्हटलं तर तोच येणार नाही.

ईदनंतर अजीज भेटायला आला. गाडी वर्कशॉपच्या फाटकाशी लावून, आत न येता, बाहेरच उभा. शहरबानूने शेवयांचा डबा दिला होता. "घरी ये की कधी," अजीज म्हणाला. "वाट बघते ती."

"येतो."

"गच्चीवरच्या गोष्टीवरून तिच्या मनात काही नाही, भाऊ. ती म्हणते, शोभना माझ्यावर नाही चिडली."

सूर्यकांत काचांच्या चौकटींकडे बघत राहिला.

"मी पुढच्या आठवड्यात गावी चाललोय," अजीज म्हणाला. "येताना पुण्याला जाणार, झारा तिथे कॉलेजात आहे ना, तिला भेटायला. वहिनींना काही पाठवायचं असलं तर सांग. यल्ला, चलतो."

शुक्रवार आला. दिवाळीला तीन आठवडे उरले होते. वर्कशॉपमागे, जिथे जरा रेंज मिळते, तिथे एका फुटक्या काचेच्या खोक्यावर बसून सूर्यकांतने फोन लावला. मुलांचं झालं. गुडघ्याचं झालं. मग शोभना म्हणाली, "अजीजभाईंचा फोन आला होता. पुण्याला येतायत. त्यांच्याबरोबर मसाला पाठवते."

"पाठव."

"कोणता पाठवू?"

"कोणता म्हणजे?"

"खोबरं घालू की नको?"

इतक्या महिन्यांत तिने हा प्रश्न विचारला नव्हता. विचारला तो असा, भाजी कोणती आणू, असं विचारावं तसा. सूर्यकांतला 'घाल' म्हणता आलं असतं. दोनच अक्षरं. तो म्हणाला असता तर तिने घातलंही असतं, आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत दोघांना बोलायला पुन्हा 'फर्स्टक्लास' मिळालं असतं. तो शब्द तोंडाशी आलाही होता. पण त्याच्या घशाला अजून सकाळच्या वाटीची चव धरून होती.

"नको घालूस," तो म्हणाला.

फोन कट झाला की काय म्हणून त्याने कानापासून दूर धरून बघितला. नव्हता झाला.

"आधीचा?" तिने विचारलं.

"खवट झालाय. जूनमध्येच झाला."

"आणि तुम्ही तोच खाताय?"

त्याने बुटाच्या टोकाने वाळू उकरली.

"अहो, तब्येत काय कराल तुम्ही?" ती एकदम ओरडली आणि मग तिचा आवाज फाटला. गच्चीवर रडली नव्हती, विमानतळावर रडली नव्हती, ती आता रडत होती, आणि मागून सासूबाईंचा आवाज येत होता, "काय झालं गं? सूर्या बरा आहे ना?" शोभनाने त्यांना "काही नाही, मसाल्याचं बोलतोय" म्हणून सांगितलं. ते खोटंही नव्हतं.

थोड्या वेळाने ती पुन्हा फोनवर आली. नाक ओढत होती. "किती दिवस पुरेल असा करू?"

"मला कंपनीने सांगितलेलं नाही काही..."

"तुम्हाला काय वाटतं ते सांगा. तुमचा अंदाज."

नोकरीत माणसं त्याच्याकडून रोज अंदाज घ्यायची. घरच्यांनी कधी घेतला नव्हता, घेतला तर चेष्टेत. त्याने या वेळी नीट विचार केला. न विकल्या गेलेल्या काचांचा विचार केला, ईशानीच्या दहावी-बारावीचा केला, अथर्वच्या 'लय भारी'चा केला.

"दोन वर्षं तरी," तो म्हणाला. "जास्तच."

"बरं," शोभना म्हणाली. मग थांबून, "मला तसला येत नाही करायला. बानूभाभींचा नंबर तोच आहे ना?"

"तोच आहे."

"त्या उचलतील?"

"उचलतील."

त्या दोघी काय बोलल्या ते सूर्यकांतला धड कधीच कळलं नाही. अजीजने आपल्या सवयीप्रमाणे त्यात भर घालून सांगितलं, की दीड तास फोन चालला, पहिली पंधरा मिनिटं कोणी बोललंच नाही आणि नुसतं बिल चढत होतं. मग शहरबानू म्हणाली, धणे आधी भाज गो, मिरची शेवटी. यातलं खरं किती आणि अजीजचं किती, देव जाणे.

मसाला दिवाळीच्या आठवड्यात आला. तुकारामने डबा उघडला, वास घेतला आणि खूश झाला. "हां! आता कसा कोरडा ठणठणीत. साहेब, हा टिकतोय बघा." त्या दिवशी सहाजणांचं कालवण पुन्हा एका पातेल्यात झालं. लाल रंग चांगला होता. तिखटही बरोबर. सगळ्यांनी चवीने खाल्लं. सूर्यकांतनेही दोन भाकऱ्या खाल्ल्या. पोटाला काही झालं नाही.

शुक्रवारी फोनवर मुलांचं झालं, गुडघ्याचं झालं.

"मसाला कसा झालाय?" शोभनाने विचारलं.

"चांगला झालाय," तो म्हणाला. "खोबऱ्याची चव नाही त्यात."

"नाहीच घातलंय," ती म्हणाली. "उन्हात ठेवू नका. आणि ओला चमचा घालू नका कोणी, सांगून ठेवा सगळ्यांना."

"सांगतो," तो म्हणाला, आणि आत जाऊन सगळ्यांना सांगितलं.